गिरणीखालचा डोह

प्रिय घड्याळ्या,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पंधरा दिवसांनी येतोस, पाणी कसं आहे ते कळव, असं विचारलंयस. दरवर्षी या प्रश्नाचं उत्तर मी एका कार्डावर चार ओळींत देतो. या खेपेला तीन दिवस झाले, चार कागद फाडून झाले. हिनं तर कालपासून केराची टोपली उचलून माझ्या टेबलाशेजारीच आणून ठेवली आहे. तेव्हा आधी सोपं आहे ते लिहून टाकतो. पुलाच्या खांबावरची पाणी मोजायची पट्टी आज सकाळी सात वाजता बासष्ट सेंटीमीटर दाखवत होती. पाण्याचं तापमान सकाळी पाच, दुपारी दोनला आठ. रात्री अजून गोठतंय, त्यामुळे सकाळचं पाणी नितळ असतं, तळातला खडा न् खडा दिसतो. दुपारी तीननंतर वरचा वितळलेला बर्फ खाली पोचतो, मग पाणी वीतभर चढतं आणि दुधाळ होतं, तेव्हा गळ गुंडाळून घरी जावं हे बरं. मंगळवारपासून पाणकिडे उडायला लागलेत, साडेबारा ते दीड, जेमतेम तासभर. मधेच गरम वारा सुटला नाही तर तू येशील तेव्हा नदी अगदी रंगात असेल. यातला आकडा न् आकडा खरा आहे. पण हे सगळं पुलाखालचं झालं, आणि तू काही पुलाखाली उभा राहत नाहीस.

तू उभा राहतोस गिरणीखालच्या डोहात. त्या डोहाबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती एकोणीस वर्षं उशिरा सांगतोय. ती वाचून तू येशील की नाही, मला ठाऊक नाही. आलास तरी माझ्या घराची पायरी चढशील की नाही, तेही ठाऊक नाही. तुझ्याशिवाय मला मित्र म्हणावा असा दुसरा माणूस नाही. एवढंच कर, पत्र अर्ध्यावर टाकू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. तुला शिव्या धड येत नाहीत, पण या खेपेला मनापासून प्रयत्न कर.

तू पहिल्यांदा इथे आलास तो आमच्या यंत्राचं घड्याळ बंद पडलं म्हणून. पाण्याची पातळी कागदावर रेघ ओढत नोंदवणारं ते यंत्र, त्याच्या पोटातलं घड्याळ थांबलं आणि नदी जणू वाहायचीच थांबली, खात्याच्या लेखी तरी. वरून माणूस पाठवतो म्हणाले. मला वाटलं, कुणी हातोडीवाला येईल. आलास तू, हातात डॉक्टरांसारखी पेटी, डोळ्याला भिंग, आणि दोन दिवस तू त्या यंत्राशी इतक्या हळू आवाजात बोलत होतास की आमचा कारकून मला विचारत होता, याचं डोकं ठीक आहे ना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पुलाखाली गळ टाकून बसलो होतो. तू येऊन मागे उभा राहिलास. माझ्या गळाला मासा लागला, काठी वाकली, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पाहिल्यासारखा पाहत राहिलास. पुढच्या वसंतात तू स्वतःची काठी घेऊन आलास. त्याच सुमारास मी तुला घड्याळ्या म्हणायला लागलो आणि तू मला पाणक्या.

आता त्याच वसंतातल्या त्या दिवसाबद्दल. पुलाच्या टोकाचं गळ-दोऱ्याचं दुकान तुला आठवतं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं असं. मी संध्याकाळी तिथे आलो तेव्हा माझ्या पिशवीत तीन मासे होते, त्यातला एक कोपरापासून मनगटापर्यंत लांब, अंगभर लाल ठिपके. तू तिथेच होतास, दोरा घेत होतास. मासा पाहिलास आणि सरळ विचारलंस, कुठे मिळाला. इथे तुला आमची एक रीत समजून घ्यावी लागेल. आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर समोरचा भलतीच जागा सांगतो, विचारणारा ओळखतो की ही थाप आहे, दोघं हसतात आणि विषय संपतो. कसं काय, बरं आहे ना, असं विचारण्यासारखंच ते. खऱ्या उत्तराची कुणी वाटच पाहत नाही. मी सवयीनं म्हणालो, गिरणीखालच्या डोहात. दुकानदारानं गळांच्या डब्यात तोंड खुपसून हसू लपवलं. मी तुझ्या हसण्याची वाट पाहत होतो. तू खिशातून पेन्सिल काढलीस आणि वहीत लिहून घेतलंस. मग दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणालास, इतकी चांगली जागा कुणी परक्याला सांगत नाही रे. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण दुकानदार बघत होता, आणि मला त्याच्यासमोर खजील व्हायचं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर आज निदान ते तरी सांगता आलं असतं.

त्या डोहात वसंतात मासे नसतात. गिरणीमागच्या घळीतून तो ओढा येतो ना, तो थेट सावलीतल्या बर्फातून येतो, उन्हाळा लागेपर्यंत त्या घळीत बर्फ असतो. तो ओढा डोहाच्या तोंडाशीच नदीत पडतो. त्यामुळे तिथलं पाणी बाकीच्या नदीपेक्षा दोन अंशांनी गार असतं आणि उन्हाचा कवडसाही पडत नाही. हिवाळाभर अर्धपोटी राहिलेला मासा वसंतात ऊब शोधतो, तो तिथे मुक्कामाला कशाला थांबेल? वाटसरूसारखा एखादा चुकूनमाकून जातो, तेवढंच. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पाणी मोजणं हीच माझी नोकरी होती. माझ्या आकड्यावर खालच्या गावांनी पेरण्या केल्या, पूल बंद केले, उघडले. आयुष्यभरात पाण्याबद्दल मी एकाच माणसाशी खोटं बोललो, तो तू.

दुसऱ्याच दिवशी सांगून टाकायचं ठरवलं होतं. शपथ घेऊन सांगतो, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण त्या एकाच दिवशी तुला एक वाटसरू लागला. बोटभर लांब, हाडकुळा. तू रबरी बूट न काढता, गळणारं पाणी घेऊन आमच्या ऑफिसात धावत आलास आणि कारकुनापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलास की या माणसामुळे मला पहिला मासा मिळाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तोंडाशी आलेलं मी गिळून टाकलं. नंतर वाटलं, पुढच्या वर्षी त्याला काही मिळणार नाही, कंटाळून आपोआप जागा बदलेल. मला तुझी ओळखच पटली नव्हती. एकदा हातात घेतलेलं घड्याळ चालू केल्याशिवाय खाली ठेवत नाहीस, तो माणूस तू.

तू वही केलीस. तारीख, वेळ, ढग, वारा, पाण्याचा रंग, तापमान, आमिष कुठलं, आणि शेवटच्या रकान्यात दरवर्षी तेच शून्य. ती वही माझ्यासमोर उघडून विचारायचास, माझं काय चुकतंय? आणि मी चष्मा लावून, हनुवटीला हात लावून ती वाचायचो. दोरा जाड आहे, पातळ घे. सावली पाण्यावर पडते, वाकून उभा राहा. पाण्याचं तापमान आठ होऊ दे, घाई करू नकोस. सगळा सल्ला बरोबर होता, दुसऱ्या कुठल्याही जागेसाठी. तू शाळकरी मुलासारखा लिहून घ्यायचास. एका वर्षी म्हणालास, तुझ्या ऑफिसाबाहेरच्या फलकावर आठ लिहिलंय आणि माझा थर्मामीटर डोहात सहाच दाखवतो. वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडणार. सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक पकडणारा माणूस! तू म्हणालास, माझा थर्मामीटर बिघडलेला दिसतो. आणि मी म्हणालो, हे स्वस्तातले असेच असतात. पुढच्या वर्षी तू नवा आणलास. त्यानंही सहाच दाखवले. मग तिसरा आणलास, काचेच्या नळीत घातलेला, प्रयोगशाळेतला. तुझ्या पेटीत तीन खरं बोलणारे थर्मामीटर होते आणि तू विश्वास ठेवलास माझ्यावर.

गावातले लोक त्या जागेला आता घड्याळवाल्याचा डोह म्हणतात. तू एकदा मोठ्या अभिमानानं मला हे सांगितलंस, म्हणालास, परक्या माणसाचं नाव लागलं बघ तुमच्या नदीला. मी अभिनंदन केलं. ते नाव का पडलं हे तुला माहीत नव्हतं. दुकानात दर वसंतात तुझी बस आली की कुणीतरी म्हणायचं, आला, चालला गोठायला. मी हसायचो नाही, हे खरं. पण गप्प बसा रे, असंही कधी म्हणालो नाही. मूग गिळून दोऱ्याचे भाव विचारत बसायचो.

एक दुपार मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सात-आठ वर्षं झाली असतील. मी गिरणीवरच्या पायवाटेनं माझ्या जागी निघालो होतो. खाली तू मांडीपर्यंत पाण्यात, सावलीत, नाक लाल झालेलं. मला पाहून तू काठी उंचावून हात हलवलास, हसलास. मीही हात हलवला. तासाभरात मला चार मासे मिळाले. परत येताना त्या वाटेनं आलोच नाही, शेतांमागून लांबचा वळसा घालून आलो, तू दिसू नयेस म्हणून. खोटं बोलणाऱ्याला पायपीट फार पडते. संध्याकाळी तू रिकाम्या हातानं आमच्याकडे जेवायला आलास, माझेच मासे खाल्लेस, बोटं चाटून म्हणालास, नदी तुला ओळखते रे, मला अजून ओळखत नाही. मी म्हणालो, ओळखेल हळूहळू. घास घशाखाली उतरला माझ्या, हीच लाजेची गोष्ट.

आणि तू? माझी मुलगी शिकायला शहरात आली तेव्हा वसतिगृह कशाला म्हणून तिला तीन वर्षं घरी ठेवून घेतलंस. वहिनींनी तिचं आजारपण काढलं, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून चहा केला. तिनं परवा फोनवर सहज सांगितलं की त्या तीन वर्षांत तू तुझी कामाची खोली तिला देऊन स्वतः जिन्याखाली टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करायचास. मला हे माहीतच नव्हतं. तू सांगितलंच नाहीस. तू घर उघडून दिलंस आणि मला नदीचं एक वळण सांगवलं नाही. वहिनी चेष्टेनं म्हणतात ना, हे दरवर्षी माशांना भेटून येतात, पण घरी कुणाला आणत नाहीत. ती चेष्टा ऐकून तू सगळ्यांत मोठ्यानं हसतोस. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असतो.

आता तुझे गुडघे. पत्रात तू एका ओळीत उरकलंयस, उन्हाळ्यात ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणतात वय झालं आणि वरून एवढी वर्षं गार पाण्यात उभं राहणं, तेव्हा पाण्यात उतरायची ही शेवटचीच खेप. मी ती ओळ किती वेळा वाचली असेल! वयाचा वाटा वयाला देऊन टाकू. बाकीचा माझा आहे. एकोणीस वसंत, दर वसंतात पाच-सहा दिवस, दिवसाला चार तास, सहा अंशांच्या पाण्यात. आकडेमोड माझ्या हाडात भिनलेली आहे, त्यामुळे ही बेरीज नको म्हटलं तरी होतेच.

गुरुवारी तुझं पत्र आलं तेव्हा चष्मा सापडत नव्हता, म्हणून हिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या चार ओळी तिनं दोनदा वाचल्या. पत्राची घडी घातली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते." मी वेड पांघरून विचारलं, काय सांगू. तर म्हणाली, "एवढी वर्षं मी भावजींच्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा का वाढत होते, असं वाटतं तुम्हाला?" तिला पहिल्याच वर्षी दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यासमोर माझी मान अशी कधी खाली गेली नव्हती. मग तिनं शाई आणि कागद काढून ठेवले, आणि मग ती टोपली.

तर आता खरी जागा. गिरणीच्या डोहाकडे न उतरता वरच्या पायवाटेनं तसाच पुढे ये, साधारण दहा मिनिटं, तुझ्या चालीनं पंधरा धर. नदी जिथे डावीकडे वळते तिथे पाण्यात तीन दगड आहेत, मधला तिरका. त्याच्या मागे पाणी संथ होतं आणि अकरा ते दोन तिथे सरळ ऊन पडतं. काल मोजलं, सव्वाबाराला नऊ अंश होते. ढगाळ आणि वारा पडलेला दिवस निवड. किडे पाण्यावर बसायला लागले की मासे वर येतात, तेव्हा आमिष दगडाच्या वरच्या अंगाला सोड आणि वाहत येऊ दे, ओढू नकोस. बारीक दोरा लाव, तो मला वाटतं तुझ्याकडे आहेच. आणि अजून एक, हे लिहायचं टाळत होतो. तिथे काठावर एक सपाट खडक आहे, बाकासारखा. त्यावर बसूनच गळ टाकता येतो. पाण्यात उतरावंच लागत नाही. मी ही सगळी वर्षं तिथे कोरड्या पायांनी मासे धरत आलो.

हे मी तुझ्यासाठी लिहिलं असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. तुझे गुडघे वाचूनही मी कदाचित पुन्हा कार्डावर चार ओळीच लिहिल्या असत्या, इतका मी स्वतःला ओळखतो. पण तुझ्या पत्राच्या तळाशी नातीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, तू ते वाचलंयस की नाही कोण जाणे. तिनं लिहिलंय, "पाणक्या आजोबा, मी पण येणार आहे. आजोबा त्यांचा डोह आता मला देणार आहेत. तो खूप चांगला डोह आहे, तुम्हीच त्यांना दिला ना? पण आजोबांच्या हातात गुण नाही म्हणून त्यांना मासे मिळत नाहीत. सगळे म्हणतात माझा हात अगदी त्यांच्यासारखा आहे. मला मासा नाही मिळाला तर तुम्ही माझ्यावर रागावू नका." अकरा वर्षांची पोर, अजून पाण्याला हात लागलेला नाही आणि आत्ताच माझी माफी मागतेय. घड्याळ्या, तुझ्या हातात काहीही खोट नव्हती, कधीच नव्हती. तू ये किंवा येऊ नकोस, माझ्याशी बोल किंवा बोलू नकोस, पण तिला घेऊन आलास तर मी बसथांब्यावर उभा असेन. ती उडी मारून पुढे उतरेल, आणि तू गुडघे सांभाळत बसमधून उतरण्याआधी हे मी तिला स्वतः सांगणार आहे, सगळ्यांसमोर, दुकानदार बघत असला तरी.

हा शब्द लिहायचा हक्क उरला आहे की नाही ते तू ठरव, मला दुसरा येत नाही,

तुझाच,
पाणक्या